शालीनता

शालीनता : वागण्याबोलण्यातला संयत, मर्यादशील आणि भारदस्त सभ्यपणा. विशेषण ‘शालीन’. साध्या, गरीब स्वभावाच्या माणसाला मराठीत सहसा शालीन म्हणत नाहीत. त्याच्यासाठी ‘सालस’ आहे. शालीन ठरायला जवळ मिरवण्याजोगे काही असावे लागते, आणि ते मिरवायचे टाळावे लागते. जिंकल्यावर जल्लोष करण्याआधी हरलेल्याचा हात हातात घेणारा खेळाडू शालीन.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘शाला’. शाला म्हणजे घर, दालन. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा यांत तो जुना अर्थ अजून टिकून आहे. शाळेत जाऊन सुधारला तो शालीन, ही व्युत्पत्ती ऐकायला बरी वाटते, पण खरी नाही. अंगावर घ्यायच्या शालीशीही या शब्दाचे नाते नाही.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत, म्हणजे त्याच्या संस्कृत व्याकरणात, ‘शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः’ (५.२.२०) असे सूत्र आहे. शालीन म्हणजे अधृष्ट, धिटाई नसलेला. काशिकावृत्ती ही अष्टाध्यायीवरची जुनी टीका त्याची फोड ‘घरात शिरण्यास योग्य’ अशी करते. चारचौघांत उभे राहण्यापेक्षा आत जाणेच ज्याला शोभेल, असा बुजरा माणूस. त्याच सूत्रातला जोडीदार ‘कौपीन’ म्हणजे विहिरीत उतरवण्यास योग्य, अर्थात करू नये असे कृत्य. पुढे कौपीन झाकायच्या अवयवांवरून ते झाकणाऱ्या लंगोटीवर येऊन थांबले. एका सूत्रातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक बैठकीत जाऊन बसला आणि दुसरा दोरीवर वाळत पडला.

बौधायन धर्मसूत्रात मात्र शालीन हा गृहस्थाचा एक प्रकार आहे. शालेच्या आश्रयाने राहतो म्हणून शालीन, असे कारण तिथे दिले आहे आणि त्याच्या शेजारी ‘यायावर’, म्हणजे फिरता, येतो. लाजण्याबुजण्याचा तिथे प्रश्नच नाही.

काव्यात लाजरेपणाचा अर्थ रुळला. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोशही ‘अधृष्ट’ हाच अर्थ देतो. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात स्वयंवराच्या मंडपात इंदुमतीचे मन अजावर बसते, पण ‘शालीनतया’ तिला ते बोलून दाखवता येत नाही. अंगावर उठलेल्या रोमांचांतून ते बाहेर पडते. इथे शालीनता म्हणजे सरळ लाज.

लाजेचा आजचा भारदस्त संयम कसा झाला, ते समजायला अवघड नाही. न बोलणारा आणि बोलता येत असूनही आवरणारा, दोघे बाहेरून सारखेच दिसतात. पण जुना अर्थ पुरता गेलेला नाही. पुरुषाला शालीन म्हटले की त्याचा नम्रपणा डोळ्यांपुढे येतो. बाईला म्हटले की पुष्कळदा नजर आधी तिच्या पोशाखाकडे जाते. हा भेद शब्दात नाही, वापरणाऱ्यांत आहे.

‘सभ्य’ हा जवळचा शब्दही वास्तूवरूनच आलेला: सभेत शोभेल तो सभ्य (पाणिनीचे सूत्र ‘सभाया यः’, ४.४.१०५). म्हणजे मुळात शालीन घरातला आणि सभ्य बाहेरचा. आज दोघे एकमेकांच्या जागी सहज चालतात.

शालीनचा विरुद्धार्थी ‘धृष्ट’ प्राकृतातून येता येता मराठीत ‘धीट’ झाला आणि कौतुकाचा शब्द बनला. ‘ती धीटपणे पण शालीनतेने बोलली’ हे वाक्य आज कोणाला खटकत नाही. पाणिनीच्या हिशेबाने मात्र त्यातला एक शब्द खोडावा लागला असता.