धसका घेतलेला नायक आणि त्याच्या आसपासची माणसं

पोरगं विहिरीत पडलं, वाचलं, घरी आलं, जेवलंसुद्धा. पण रात्री दचकून उठतं, तेव्हा आजी म्हणते, 'धसका घेतलाय त्यानं.' मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, विषयच काढू नका, विसरेल. दुसरा म्हणतो, बोलू द्या त्याला, मन मोकळं होऊ दे. इंग्रजी अद्भुतकथांतल्या कोवळ्या नायकांभोवतीची माणसंही याच दोन तटांत विभागलेली दिसतात. या वादाची मुळं मात्र जादूच्या दुनियेत नाहीत, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत आहेत.

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धसका, हा शब्द वापरला. अंगावर जखम नाही, पण हात थरथरतात, झोप उडालेली, एखाद्याची वाचाच गेलेली. लष्कराच्या लेखी यातला बराचसा प्रकार भित्रेपणाचा होता. पळ काढणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांनी आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या आणि त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं.

अशा काळात एडिनबराच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा डॉक्टर सैनिक-अधिकाऱ्यांशी शांतपणे बोलत बसायचा. 'विसरून जा' हा सल्लाच त्यांना आजारी ठेवतो, असं त्याने १९१८ मध्ये लिहिलं. त्यातलं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. एका अधिकाऱ्याला स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला मित्राचा देह सापडला होता आणि रोज रात्री तेच दृश्य स्वप्नात यायचं. रिव्हर्सने त्याला एवढंच दाखवून दिलं, की देहाची ती अवस्था म्हणजेच मित्र तत्क्षणी गेला, त्याला यातना झाल्या नाहीत, याचा पुरावा आहे. पुढे स्वप्न पडलं तेव्हा त्यात भीती नव्हती, दुःख होतं. पण ज्या आठवणीला अशी एकही सोसण्याजोगी बाजू नाही, तिथे ही वाट चालत नाही, हेही रिव्हर्सने त्याच लेखात प्रामाणिकपणे मांडलं.

१९१६ मध्ये सोमच्या लढाईत जे. आर. आर. टॉल्किन हा तरुण सिग्नल अधिकारी होता. खंदकज्वर होऊन तो नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतला. १९५४-५५ मध्ये आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम, नायकाचा इमानी सोबती, आपण युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून सुचल्याचं त्याने सांगितलं होतं. त्यातला नायक फ्रोडो काही पोरगा नाही, पन्नाशीचा आहे. पण पुढच्या सगळ्या पोरसवदा नायकांचा साचा इथेच पडला. सॅम त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला महत्त्वाचं वाटतं ते घरी परतल्यानंतरचं. ६ ऑक्टोबरला, म्हणजे सुरी लागली त्या तारखेला, फ्रोडोची जुनी जखम उठते. १३ मार्चला, राक्षसी कोळी-किड्याने दंश केला त्या दिवशी, तो पुन्हा आजारी पडतो. पहिल्या मार्चमध्ये सॅम गावात नसतो. दुसऱ्या मार्चमध्ये सॅमच्या घरी पहिलं बाळ येणार असतं, म्हणून फ्रोडो दुखणं लपवतो. जिवाला जीव देणाऱ्या माणसालाही सगळं कळत नाही, कारण दुखणारा माणूसच त्याला कळू देत नाही. युद्धावरून परतलेल्या कितीतरी घरांतली ही गोष्ट आहे.

१९६८ मध्ये उर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' मालिका सुरू झाली. तिचा नायक गेड हा खरोखरच पोर आहे. ईर्षेपोटी केलेल्या जादूतून एक काळी छाया बाहेर येते, त्याचा चेहरा फाडते. तो बरा होऊन उठतो तेव्हा व्हेच नावाचा मित्र त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो. त्या जगात खरं नाव सांगणं म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणं. घडल्या प्रकाराबद्दल एक प्रश्न नाही, की उपदेश नाही. पुढे गेड बेशुद्ध पडतो, मोठ्यांना काही सुचत नाही. त्याचा पाळीव ओटाक, खारीएवढा प्राणी, त्याचे हात, कपाळ, मिटलेले डोळे हळुवार चाटत राहतो आणि गेड शुद्धीवर येतो. सहायक पात्राने काय करावं, याचं याहून चांगलं उत्तर मला या साहित्यात सापडलेलं नाही.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान आलं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. १९९० मध्ये ले ग्विन पुन्हा अर्थसीकडे वळली ती 'तेहानू'मध्ये. तिथे आगीत ढकललेली लहान मुलगी आहे, पण कथेच्या मध्यभागी तिला सांभाळणारी टेनार आहे. एरवी कडेला उभं राहणारं माणूस इथे मुख्य पात्र झालं.

आणि मग हॅरी पॉटर. मराठीत पहिलं पुस्तक 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आलं, त्यामुळे हे प्रसंग आपल्याकडे अनेकांना पाठ आहेत. तिसऱ्या पुस्तकात (१९९९) हॅरी आगगाडीत बेशुद्ध पडतो, तेव्हा ल्युपिनसर आधी चॉकलेट देतात. तुझ्या वाट्याला जे आलं ते इतरांच्या आलेलं नाही, म्हणून तुला जास्त त्रास होतो, हा दुबळेपणा नव्हे, असं ते नंतर सांगतात. हे वाक्य १९१६ मध्ये किती पोरांना कुणी ऐकवायला हवं होतं.

चौथ्या पुस्तकात (२०००) तर आपले ते दोन तट समोरासमोर येतात. शाळेतल्या सेड्रिकचं मरण डोळ्यांनी पाहून हॅरी परततो. त्याचा मानलेला बाप सिरियस म्हणतो, आज झोपू द्या त्याला. मुख्याध्यापक डम्बलडोर म्हणतात, आत्ताच सांगितलेलं बरं. वेदना बधिर करून ठेवली तर नंतर ती जास्त छळेल. वाचताना आपण डम्बलडोरांच्या बाजूने असतो. त्या काळी प्रत्यक्षातही हेच चालू होतं. अपघात, आग, पूर यांत काम केलेल्यांना लगेच बसवून सगळं वदवून घ्यायची पद्धत १९८३ पासून रुजली होती. पण २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, अशा एकाच बैठकीचा फायदा दिसला नाही, एका चाचणीत तर पुढे त्रास वाढलेला आढळला. २००५ मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेने ती सरसकट वापरू नये असं सांगितलं. सिरियसचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं तर! त्या रात्री हॅरीला खरा आधार मिळतो तो नंतर, इस्पितळात, रॉनची आई त्याला जवळ घेते तेव्हा. असं कुणी आईसारखं जवळ घेतल्याचं त्याला आठवतच नसतं.

पाचव्या पुस्तकात (२००३) सिरियसच जातो. रॉन आणि हर्मायनी जिवाचे मित्र, पण त्यांच्यापाशी हॅरीला तोंड उघडवत नाही. शेवटच्या रात्री व्हरांड्यात शाळेतली लूना भेटते. पोरांनी तिच्या वस्तू लपवल्यात आणि ती त्यांची यादी भिंतीवर लावत असते. आपली आई आपल्या देखत गेली, नऊ वर्षांची होते मी, अजून कधीकधी फार वाईट वाटतं, असं ती साधेपणाने सांगते. हॅरीला ती काही विचारत बसत नाही. वस्तू शोधायला मदत करू का, असं तोच विचारतो. ती नको म्हणते आणि पुडिंग खायला खाली निघून जाते. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना त्याच्या पोटातला तो गोळा किंचित हलका होतो.