जावा सराव संच, भाग तिसरा : चुकीचे इनपुट आणि एक्सेप्शन

नमस्कार. आमच्या जावा सराव संचातल्या पहिल्या दोन भागांबद्दल ग्राहक फारसे काही विचारत नाहीत. तिसऱ्या भागाबद्दल मात्र एक तक्रार हमखास येते : "माझा प्रोग्रॅम नीट चालतो, तरी तुमचा तपासक त्याला नापास करतो." तो नीट चालतो हे खरेच असते, कारण गुण विचारल्यावर तुम्ही ८५ टाकून पाहिलेले असतात. आमचा तपासक ८५ टाकतच नाही. तो रिकामी ओळ टाकतो, उणे गुण टाकतो, आकड्याच्या जागी अक्षरे टाकतो आणि प्रोग्रॅम काय करतो ते पाहतो. हे पत्रक त्यासाठी. (जावातले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, कोडमध्ये ते नेहमीसारखेच लिहायचे.)

सर्वांत जास्त मंडळी अडकतात ती स्कॅनरपाशी, म्हणजे टाइप केलेले इनपुट वाचून देणाऱ्या वर्गापाशी. व्हाइल लूपमध्ये ट्राय, ट्रायमध्ये नेक्स्टइंट आणि कॅचमध्ये "कृपया आकडा टाका" असा संदेश. दिसायला चोख. पण वापरणाऱ्याने "पंच्याऐंशी" असे टाइप केले की पडद्यावर "कृपया आकडा टाका"च्या ओळींमागून ओळी सुरू होतात, त्या प्रोग्रॅम बंद करेपर्यंत थांबत नाहीत. आकडा सापडला नाही की नेक्स्टइंट इनपुटमिसमॅचएक्सेप्शन हे एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना, जी ट्रायमधून कॅचमध्ये जाते) फेकते, पण तो न पटलेला शब्द उचलत नाही. शब्द जागच्या जागी राहतो. लूप पुन्हा फिरतो, तोच शब्द पुन्हा समोर येतो, पुन्हा एक्सेप्शन. कॅचमध्ये एक नेक्स्टलाइन लिहून ती ओळ टाकून दिली की चक्र थांबते.

आमचे मत विचाराल तर सरावात नेक्स्टइंट वापरूच नका. पूर्ण ओळ नेक्स्टलाइनने घ्या, ट्रिम करा आणि मग इंटिजर.पार्सइंटला द्या. त्याने दुसरी एक कटकटही जाते : नेक्स्टइंटनंतर लगेच नेक्स्टलाइन लिहिले तर ते मागे राहिलेली एंटर उचलते आणि नावाच्या जागी रिकामी स्ट्रिंग येते.

पार्सइंट तसे कडक आहे. आकड्यामागे एक मोकळी जागा राहिली तरी नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येते, रिकाम्या ओळीला येते, आणि २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा दिला तरी येते, कारण इंटची मर्यादा तिथे संपते. एक गंमत मात्र आपल्याला उपयोगी आहे. देवनागरीत "८५" असे टाइप केले तर पार्सइंट ते बिनतक्रार ८५ म्हणूनच घेते. डबल.पार्सडबल मात्र तेच "८५" नाकारते. शिवाय पार्सइंटच्या आधी तुम्ही अंकांसाठी नेहमीचा रेग्युलर एक्स्प्रेशनचा पॅटर्न लावला असेल, तर तोही ते अडवतो. तो मुळात इंग्रजी अंकच ओळखतो. एकाच प्रोग्रॅममध्ये एक खिडकी देवनागरी अंक घेते आणि दुसरी घेत नाही, असे झाले तर वापरणारा वैतागणारच. काय चालेल ते आधी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

इथपर्यंतच्या चुका निदान आवाज तरी करतात. आम्हाला जास्त भीती मुकाट्याने आत शिरणाऱ्या इनपुटची वाटते. दशांशात गुण घेणारा प्रोग्रॅम घ्या. त्यात "शून्यापेक्षा कमी किंवा शंभरापेक्षा जास्त असतील तर नाकारा" अशी अट आहे. वापरणाऱ्याने एन, ए, एन ही तीन इंग्रजी अक्षरे टाकली, पहिले आणि शेवटचे मोठे, मधले लहान. पार्सडबलच्या दृष्टीने ही "आकडाच नाही" या अर्थाची एक वैध किंमत आहे. ती शून्यापेक्षा कमी नाही, शंभरापेक्षा जास्तही नाही, कारण तिच्याशी केलेली अशी कुठलीही तुलना खोटीच ठरते. म्हणजे अट ओलांडून ती आत येते, बेरजेत मिसळते आणि सगळ्या वर्गाची सरासरी नासवते. एक्सेप्शन कुठेच नाही. उपाय म्हणजे अट उलटी लिहायची : "शून्य ते शंभरच्या आत असेल तरच घ्या, नाहीतर नाकारा." नको ते वगळण्यापेक्षा हवे तेवढेच घेणे केव्हाही सुरक्षित.

सरासरीचाच विषय निघाला आहे तर, यादी रिकामी असताना काय होते तेही पाहून ठेवा. इंटला इंट शून्याने भागले तर अरिथमेटिकएक्सेप्शन येते. डबलमध्ये तोच भागाकार गप्प बसतो आणि उत्तराच्या जागी वरची तीन अक्षरे छापतो. इंटची बेरीज मर्यादेबाहेर गेली तरी असेच गप्प, आकडा सरळ उणे होऊन बसतो. तिथे जावा ८ पासून आलेले मॅथ.अ‍ॅडएक्झॅक्ट वापरले तर एक्सेप्शन मिळते.

तारखांच्या प्रश्नात तर बहुतेक जण फसतात. लोकलडेट.पार्सला वर्ष-महिना-दिवस या ठरावीक क्रमात ३० फेब्रुवारी दिली तर ते साफ नकार देते. पण दिवस-महिना-वर्ष असा स्वतःचा पॅटर्न दिला, तर तीच ३० फेब्रुवारी गुपचूप महिन्याची शेवटची तारीख होते. जुने सिंपलडेटफॉरमॅट तिला मार्चमध्ये ढकलते. फॉरमॅटरला रिझॉल्व्हरस्टाइल.स्ट्रिक्ट लावा आणि पॅटर्नमध्ये वर्षासाठी वाय ऐवजी यू अक्षर वापरा, म्हणजे खोटी तारीख दारातच अडते.

आता कॅचबद्दल. गुण १२० आले तर त्यासाठी इफ पुरेसा आहे. वापरणारा चुकणार हे आपल्याला माहीतच असते. फाइलचे तसे नाही. फाइल आहे की नाही हे आधी तपासले तरी तपासणे आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणी ती कोणी हलवू शकते, म्हणून तिथे कॅच लागतोच. जावाही आयओएक्सेप्शन पकडल्याशिवाय किंवा थ्रोजने पुढे पाठवल्याशिवाय कंपाइल होऊ देत नाही. मग घाईने रिकामा कॅच लिहून कंपायलरचे तोंड बंद केले जाते. संचात रिकाम्या कॅचला आम्ही सरळ शून्य गुण देतो, उत्तर बरोबर आले तरी. तिथे दडपलेली चूक पुढे भलत्याच ओळीवर नलपॉइंटरएक्सेप्शन (नल, म्हणजे जिथे काहीच नाही ते, वापरायला गेल्यावर येणारे एक्सेप्शन) म्हणून वर येते आणि मग शोधता शोधता दिवस जातो.

सगळे काही एकाच एक्सेप्शन वर्गात पकडू नका. त्यात तुमच्या स्वतःच्या कोडमधल्या चुकाही झाकल्या जातात. कॅच अनेक असतील तर नेमका वर्ग वर, व्यापक वर्ग खाली. उलट लिहिले तर कंपाइलच होत नाही. फायनलीमध्ये रिटर्न लिहिलात तर आलेले एक्सेप्शन नाहीसे होते, तेव्हा ते टाळाच. फाइल बंद करण्यासाठी २०११ च्या जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, तेच वापरा. पकडलेले एक्सेप्शन बदलून पुढे फेकायचे असेल तर मूळ एक्सेप्शन कारण म्हणून सोबत द्या, नाहीतर स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे चूक कोणकोणत्या ओळींतून आली ते दाखवणाऱ्या यादीत, खरी जागा दिसत नाही.

संदेशाचे गुण वेगळे आहेत. "चुकीचे इनपुट" एवढाच संदेश कोणाच्या कामाचा नाही. "गुण ० ते १०० च्या आत हवेत, १२० मिळाले" असे लिहा. स्टॅक ट्रेस लॉगमध्ये जाऊ द्या, वापरणाऱ्याच्या तोंडावर फेकू नका.

सराव करताना कोड लिहिण्याआधी वाकड्या इनपुटची यादी कागदावर लिहून घ्या. कोड झाल्यावर सुचणारी यादी आपल्याच कोडची बाजू घेते.

आम्हाला शंका पाठवताना पूर्ण स्टॅक ट्रेस मजकूर म्हणून चिकटवा, फोटो नको. त्यात "कॉज्ड बाय" असेल तर अगदी खालचे आधी वाचा. बऱ्याचदा उत्तर तिथेच असते. नेमके कोणते इनपुट दिले ते, मोकळ्या जागांसकट, अवतरणचिन्हांत लिहा आणि जावाची आवृत्ती कळवा. नलपॉइंटरएक्सेप्शनसाठी आवृत्ती विशेष महत्त्वाची : जावा १५ पासून नेमकी कोणती गोष्ट नल होती हे संदेशातच लिहून येते, त्याआधीच्या आवृत्तीत ते आपल्याला शोधावे लागते.