ने (शब्द)

‘ने’ हा एकाक्षरी शब्द किंवा प्रत्यय अनेक भाषांत आढळतो. त्याचा अर्थ कुठे होकार, कुठे नकार, तर कुठे नुसते व्याकरणाचे काम.

मराठीत तो तृतीयेचा प्रत्यय आहे (दोरीने बांधले, रामाने आंबा खाल्ला) आणि ‘नेणे’चे आज्ञार्थी रूपही (डबा ने). हिंदीतला ‘ने’ फक्त कर्त्याला, तोही भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर लागतो. साधनासाठी तिथे ‘से’ येतो. मराठीत ‘मी’, ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, म्हणून मराठी माणसाच्या हिंदीत ‘मैं खाना खाया’ सहज येऊन जाते. खरी गंमत गुजरातीत आहे. ‘राम ने आम दिया’ या हिंदी वाक्यात राम आंबा देणारा. गुजरातीत ‘रामने केरी आपी’ म्हटले की आंबा रामाला मिळाला. शिवाय ‘आवशो ने?’ म्हणजे ‘याल ना?’

युरोपात ‘ने’ म्हटले की बहुधा नकार. चेक, सर्बियन, बल्गेरियन, लिथुएनियन या भाषांत ‘ने’ म्हणजे ‘नाही’. संस्कृत ‘न’, फारसी ‘न’ आणि लॅटिन ‘ने’ ही याच इंडो-युरोपीय (उत्तर भारतापासून युरोपापर्यंत पसरलेल्या) भाषाकुळातली भावंडे. फ्रेंचमध्ये नकाराला ‘न’ आणि ‘पा’ असे दोन शब्द लागतात. त्यांतला हा ‘न’ याच वंशातला, पण बोलताना लोक तो सर्रास गाळतात. ग्रीक याच कुळातली असून तिथे मात्र ‘ने’ म्हणजे ‘होय’ आणि ‘ओही’ म्हणजे ‘नाही’. 5 जुलै 2015 च्या ग्रीक सार्वमतात मतपत्रिकेवर हेच दोन पर्याय होते आणि सुमारे 61 टक्के मते मिळवून ‘ओही’ जिंकले. सीमा ओलांडून बल्गेरियात गेले की ‘ने’ पुन्हा नकार होतो. त्यात बल्गेरियन लोक नाही म्हणताना मान वर-खाली हलवतात, म्हणजे शब्दाने गोंधळलेल्याला खुणेचाही आधार नाही.

कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘होय’. अधिक काटेकोरपणे, ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’. ‘जेवला नाहीत?’ या प्रश्नाला न जेवलेला कोरियन माणूस ‘ने’ म्हणेल, जिथे मराठी माणूस ‘नाही’ म्हणतो. जपानी ‘ने’ वाक्याच्या शेवटी येतो आणि आपल्या ‘ना?’सारखी संमती मागतो. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारेही नेमके तेच करतात, पण त्यांचा ‘ने’ ‘नाउं ए’ (नाही का) याचा आक्रसलेला अवतार आहे. जपानीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

असे योगायोग घडणारच. न् हा ध्वनी जगातल्या बहुतेक भाषांत आहे आणि एका व्यंजनाला एक स्वर जोडून होणारी अक्षरे मोजकीच. म्हणून एवढ्याशा शब्दाच्या साम्यावरून भाषांचे नाते ठरवत नाहीत. त्यासाठी अनेक शब्दांत नियमितपणे दिसणारे ध्वनिबदल तपासावे लागतात. उलट नाते पक्के असूनही अर्थ जुळतीलच असे नाही: हंगेरियन आणि फिनिश एकाच कुळातल्या, पण हंगेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नको’ आणि फिनिशमध्ये ‘ती’ (अनेकवचनी). आणि या कुळाबाहेरच्या तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’.