जाणकाराचा हात लागला की विमान ‘घरचं’ राहत नाही?

मालवणात विमानाचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच: किटचं, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायचं विमान एकट्यानंच बांधायचं, जाणकाराने हात लावला की बाद!

असं काही नाही. या समजाचं मूळ घरी बांधलेल्या विमानांसाठीच्या अमेरिकेतल्या ‘५१ टक्के’ नियमात आहे. तो एवढंच म्हणतो की बांधणीचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंदापायी केलेला असावा. माणसांनी, एकट्या माणसाने नव्हे. इंजिन, पंखा विकत घ्या, चालतं. पैसे देऊन करून घेतलेलं काम हौशी वाट्यात धरत नाहीत, पण त्याला बंदीही नाही.

जाणकार तर हवाच, विशेषतः आपल्या खाऱ्या हवेत. ॲल्युमिनियमचे पत्रे रिवेटने जोडण्याआधी आतून प्रायमर (गंजरोधक थर) लावायचा राहिला, तर गंज आतल्या आत पोखरतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. होडी बांधताना आपण अनुभवी सुताराला बोलावतोच की!

भारतात मात्र नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) घ्यावी लागते. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नोंदणी मिळाली ती २०१७ साली, वर्षानुवर्षं खेटे घालून.