थकलेली घरपट्टी आणि व्यापारी भाडेकरू (गोवा)

मालमत्ता कराला गोव्यात घरपट्टी म्हणतात, मग तो राहत्या घरावरचा असो की मडगावच्या बाजारातल्या गाळ्यावरचा. पालिकांमध्ये ती १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याने, पणजीत २००२ च्या महानगरपालिका कायद्याने आणि गावांत १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने आकारली जाते. भाड्याच्या जागेची घरपट्टी सहसा मालकाने भरायची असते. ती त्याने थकवली तर पहिली झळ मात्र बहुधा दुकानदारालाच लागते.

याचे कारण परवान्यात आहे. घरपट्टी वसूल करणारी आणि व्यापार परवाना देणारी संस्था एकच, पालिका किंवा पंचायत. परवान्याच्या नूतनीकरणाला दुकानदार गेला की जागेची चालू पावती किंवा थकबाकी नसल्याचा दाखला मागितला जातो. मालक पणजीत असो वा परदेशात, त्याला गाठण्यापेक्षा खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला अडवणे कार्यालयाला सोपे जाते. वसुलीचा हा मार्ग परिणामकारक असेल, न्याय्य नाही. परवाना रखडला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे कागदही रखडतात. जीएसटी नोंदणीत भाडेकरारासोबत मालकाची घरपट्टी पावती किंवा वीजबिल यांसारखा पुरावा जोडावा लागतो. कळंगुट, कांदोळीच्या किनारपट्टीवर तर ऑक्टोबरपासूनचा पर्यटन हंगामच वर्षाची कमाई ठरवतो; तिथे महिनाभराची दिरंगाईही महागात पडते.

घरपट्टी थकते ती दर वेळी मालकाच्या बेपर्वाईमुळेच असे नाही. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आला आहे. विवाहात सहसा मालमत्तेची समाईकी असते, म्हणजे पती-पत्नी दोघेही अर्ध्या-अर्ध्या वाट्याचे धनी, आणि मृत्यूनंतर वाटणीसाठी इन्व्हेंटरी दाव्याची (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटप करण्याची) प्रक्रिया करावी लागते. ही प्रक्रिया आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्याखाली चालते. ती वर्षानुवर्षे न झाल्याने घर आजोबांच्या नावावर, एक वारस लिस्बनला, एक मुंबईला, आणि भाडे गावात राहिलेल्या तिसऱ्याच्या हाती, असे चित्र जुन्या इमारतींत नेहमीचे आहे. भाडे घेणारा म्हणतो, कर सगळ्यांनी मिळून भरावा; बाकीचे म्हणतात, भाडे जो खातो त्याने भरावा. पालिकेचे बिल दिवंगताच्या नावाने येत राहते.

भाडेकरूला कायद्याचा आधार आहे, पण तो अनेकांना ठाऊक नसतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ च्या खंड (g) नुसार, मालकाने भरायची रक्कम त्याने भरली नाही आणि ती भाडेकरूकडून किंवा त्या मालमत्तेवर वसूल होऊ शकत असेल, तर भाडेकरू ती स्वतः भरून व्याजासह भाड्यातून वळती करू शकतो किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतो. करारात किंवा स्थानिक रिवाजात याविरुद्ध काही असेल तर गोष्ट वेगळी. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ६९ ही तेच तत्त्व सांगते: दुसऱ्याने कायद्याने द्यायची रक्कम, ती दिली जाण्यात ज्याचे हित आहे अशा माणसाने दिली, तर ती त्याला परत मिळायला हवी. त्या कलमाखालचे उदाहरणच जमीनदाराचा सारा थकून जमीन लिलावात निघाल्याचे आणि ती वाचवण्यासाठी पट्टेदाराने सारा भरल्याचे आहे.

वळतीत एक धोका असतो. भाडे थकवणे हे १९६८ च्या गोव्यातील भाडे नियंत्रण कायद्यातही जागा खाली करून घेण्याचे कारण आहे, त्यामुळे न सांगता कापलेली रक्कम मालक थकबाकी म्हणून पुढे करू शकतो. म्हणून आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस, मग भरणा, मग पावतीच्या प्रतीसह वळतीचे पत्र, आणि उरलेले भाडे वेळेवर, हा क्रम वकील सांगतात. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर बसलेल्याची बाजू आणखी कमकुवत, कारण कलम १०८ भाडेपट्ट्याला लागू होते, परवानगीवजा वापराला नाही. त्याला कलम ६९ किंवा करारातल्या अटींवर भिस्त ठेवावी लागते. अनेक करारांत 'घरपट्टी मालक भरील' एवढीच ओळ असते. न भरल्यास वळतीचा हक्क कुणाला, पावती कधीपर्यंत द्यायची, हे लिहायचे राहून जाते.

घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि बांधकाम कायदेशीर असल्याचाही नव्हे. जागा घेताना पावतीबरोबर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदींचा कागद) आणि भोगवटा दाखला पाहणारे दुकानदार याच कारणाने कमी फसतात. बाजारातल्या पालिकेच्या गाळ्यांत मालक पालिकाच असते; तिथे थकते ते मूळ गाळेधारकाचे भाडे, आणि पोटभाड्याने बसलेल्याचा पालिकेच्या दप्तरी सहसा उल्लेखही नसतो.