ही ओळ कुणाची?

आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेवीची वही संगणकावर उतरवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं, तेव्हा दोन रविवारांत उरकेल असा हिशेब होता. एक्सेल उघडलं आणि वहीसारखेच रकाने आखले: सभासदाचं नाव, पत्ता, फोन, पुस्तक, लेखक, किंमत, नेल्याची तारीख, परतीची तारीख. तीनेकशे ओळी भरून झाल्यावर कळलं, जोशीबाईंचा फोन बदललाय. बाई वाचणाऱ्या, त्यामुळे त्यांच्या नावावर ३१ ओळी. त्यातल्या २६ मी दुरुस्त केल्या. उरलेल्या ५ सापडल्याच नाहीत, कारण तिथे ‘जोशी सुमन’ऐवजी ‘सौ. जोशी’ लिहिलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका नव्या सभासदानं वर्गणी भरली, पण पुस्तक काही नेलं नाही. त्याला लिहायचं कुठे? माझ्याकडे ओळ होती ती पुस्तक नेल्याची. शेवटी पुस्तकाच्या रकान्यात एक रेघ मारून वेळ भागवली. मग जागा फार होतेय म्हणून परत आलेल्या पुस्तकांच्या जुन्या ओळी पुसल्या, तर ज्यांनी आयुष्यात एकदाच पुस्तक नेलं होतं असे सभासदच यादीतून नाहीसे झाले. बदल करताना, भर घालताना आणि पुसताना होणाऱ्या या तिन्ही घोळांना डेटाबेसच्या, म्हणजे संगणकावर माहिती रचून ठेवण्याच्या व्यवस्थेच्या, अभ्यासात रीतसर नावं आहेत: अपडेट, इन्सर्शन आणि डिलीशन अ‍ॅनॉमली. अभ्यासक्रमात हे फार लवकर शिकवतात. मी ते स्वतः करून शिकलो.

तिन्हींचं मूळ एकच. माझ्या एका ओळीत तीन जण एकदम बोलत होते: सभासद, पुस्तक आणि त्या दिवशीचा व्यवहार. ही ओळ नक्की कुणाची, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नव्हतं.

हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला तो एडगर कॉड यांनी. १९२३ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा गणिती दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता आणि पुढे आयबीएम या संगणक कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्या काळी मोठी माहिती ठेवायची रीत झाडासारखी होती. अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांची जंत्री सांभाळण्यासाठी आयबीएमनं उभारलेली आयएमएस ही प्रणाली त्याच घाटाची. खोडावरून फांदीवर, फांदीवरून डहाळीवर उतरायचं. अमुक जोडणीत कोणते भाग आहेत हे चटकन कळे. हा एक भाग कुठेकुठे लागतो असं उलट विचारलं की पंचाईत. शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाट पाठ असावी लागे, आणि झाडाची रचना बदलली की जुने प्रोग्रॅम वाट चुकत.

जून १९७० मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात कॉड यांचा लेख आला. त्यातला विचार असा: झाड नको, साधे तक्ते ठेवा. ओळींना क्रम नको, वाटा नकोत. जे शोधायचं ते ओळीतल्या मूल्यावरून शोधा. या पद्धतीला ‘रिलेशनल’ म्हणतात. हा शब्द तक्त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावरून आला असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. पण ते ‘रिलेशन’ संचगणितातलं आहे आणि त्याचा अर्थ जवळजवळ तक्ता असाच होतो. आयबीएमला आपल्याच माणसाच्या कल्पनेचा माल बाजारात आणायला वेळ लागला, तोवर १९७९ मध्ये ओरॅकल हा त्याच कल्पनेवरचा डेटाबेस विक्रीला आला. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला मोठा मान, मिळाला.

तर मीही तक्ते वेगळे केले. सभासदांचा एक, पुस्तकांचा एक, देवघेवीचा एक. फोन नंबर आता सभासदांच्या तक्त्यात एकदाच. देवघेवीच्या ओळीत नाव नाही, नुसता सभासद क्रमांक. ज्या रकान्यावरून ओळ निःसंशय ओळखता येते ती त्या तक्त्याची प्रायमरी की, आणि तोच क्रमांक दुसऱ्या तक्त्यात जाऊन बसला की तिथे तो फॉरेन की. नाव हे की म्हणून कुचकामी: एका गावात एकाच नावाची चार माणसं निघतात आणि लग्नानंतर नावं बदलतात. फॉरेन कीचा मोठा फायदा म्हणजे सभासदांच्या तक्त्यात नसलेला क्रमांक देवघेवीत घालू पाहिला, तर डेटाबेस ती ओळ घेतच नाही. एक्सेल बिचारं काहीही गिळतं.

पुस्तकांच्या तक्त्यावर मात्र ग्रंथपालबाईंनी मला अडवलं. मी एका कादंबरीला एक क्रमांक दिला होता. त्या म्हणाल्या, ‘‘आपल्याकडे हिच्या पाच प्रती आहेत. जोशीबाईंनी नेली ती कोणती? दाखल क्रमांक सांगा.’’ आणि त्यांनी कपाटातून दाखल नोंदवही काढली. तिच्यात प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक होता, तोच पुस्तकाच्या आतल्या पानावर शिक्क्यात लिहिलेला. म्हणजे प्रायमरी की कागदावर आधीपासून होती, मीच ती पाहिली नव्हती. ‘पुस्तक’ या एका शब्दाआड दोन गोष्टी दडलेल्या होत्या, लिहिलेली कृती आणि कपाटातली प्रत. लेखक कृतीचा. पण किंमत? तीच कादंबरी वाचनालयानं एकदा ३० रुपयांना घेतली होती आणि नवी प्रत २५० ला. तेव्हा किंमत प्रतीची. फाटलेली, हरवलेली, बांधणीला गेलेली हे शेरेही प्रतीचेच. डेटाबेस आखण्याचं खरं काम हे असं असतं, संगणकापासून चार हात लांब, ज्यांना धंदा माहीत आहे त्यांच्यासमोर बसून. मला विचाराल तर यातच निम्म्याहून जास्त वेळ जावा.

मग लेखकाचा रकाना. काही पुस्तकांना दोन लेखक आणि वर एक अनुवादक. मी स्वल्पविराम देऊन तिघांना एकाच घरात कोंबलं होतं. कॉड यांच्या लेखात याच दुखण्याचं उदाहरण आहे: कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात त्याच्या मुलांची यादी, नोकरीच्या इतिहासाची यादी आणि त्या यादीच्याही पोटात पगाराची यादी. त्यांचा उपाय असा की पोटातली प्रत्येक यादी बाहेर काढून तिचा वेगळा तक्ता करायचा आणि मूळ ओळीची की तिच्यासोबत द्यायची. एका घरात एकच मूल्य, हा पहिला नॉर्मल फॉर्म, म्हणजे तक्ते नीट आखण्याचा पहिला नियम. दुसरा आणि तिसरा कॉड यांनीच पुढच्या एकदोन वर्षांत मांडला. त्यांचा सारांश माझ्या प्रश्नात बसतो: ओळीतला प्रत्येक रकाना त्या ओळीच्या मालकाबद्दलच बोलतोय ना? प्रकाशकाचं गाव कृतीच्या तक्त्यात लिहिलं, तर तो रकाना कृतीबद्दल न बोलता प्रकाशकाबद्दल बोलतो. त्याला त्याच्या घरी पाठवायचं. लेखकांसाठी मी ‘लेखन’ नावाचा तक्ता केला: कृती क्रमांक, व्यक्ती क्रमांक आणि भूमिका, एवढंच. एका कृतीचे कितीही लेखक आणि एका लेखकाच्या कितीही कृती त्यात मावतात.

रकान्यांच्या जाती ठरवणं हे वरवर कारकुनी काम वाटतं, पण फसगत तिथेच होते. वय लिहू नये, जन्मतारीख लिहावी. वय दरवर्षी शिळं होतं. फोन नंबर दिसायला आकडा, पण त्याची बेरीज कुणी करत नाही, म्हणून तो मजकूर. आकडा मानलात तर ०२२ मधलं पहिलं शून्य गळतं. एक्सेल तर १५ अंकांपुढे हातच टेकतं: १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून लिहिला तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. नावाच्या रकान्याची लांबी ठरवताना मराठीची वेगळीच गंमत आहे. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरी. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, लेखी त्यात हलन्त आणि मात्रा धरून १० चिन्हं, आणि यूटीएफ-८ या पद्धतीनं संगणकात साठवताना त्याचे ३० बाइट (बाइट हे साठवणीचं माप). ‘नावाला २० पुरे’ असं ठरवताना हे २० नक्की कशाचे, हे विचारायला हवं; काही डेटाबेस चिन्हं मोजतात, काही बाइट.

आणि रिकामं घर. परतीची तारीख रिकामी म्हणजे पुस्तक अजून सभासदाकडे. या रिकामेपणाला नल म्हणतात. ते शून्य नव्हे आणि कोरा मजकूरही नव्हे. नलची कशाशीही तुलना केली की उत्तर ना खरं येतं ना खोटं. ‘परतीची तारीख ३१ मार्च सोडून दुसरी असलेल्या ओळी दाखव’ असं एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, विचारलं, तर अजून न परतलेली पुस्तकं यादीत येत नाहीत. मी त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली.

एवढं शिकल्यावर माझा उत्साह अती झाला. कुठलीही माहिती दोनदा दिसली की मी ती उडवायचो. उशिराच्या दंडाचा दर, रोजचा १ रुपया, मी एका छोट्या तक्त्यात एकदाच ठेवला आणि दंड त्यावरून काढू लागलो. कार्यकारी मंडळानं दर २ रुपये केला. त्या क्षणी गेल्या वर्षीचे सगळे दंड कागदोपत्री दुप्पट झाले आणि पावतीपुस्तकाशी हिशेब जुळेना. चूक उघड होती. आजचा दर ही वाचनालयाची गोष्ट, त्या दिवशी आकारलेला दर ही त्या व्यवहाराची. आकडे सारखे दिसले म्हणून माहिती एक होत नाही. म्हणून आता देवघेवीच्या तक्त्यात ‘आकारलेला दर’ असा रकाना आहे.

जोशीबाईंनी पुस्तक कधी उशिरा आणलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या ओळीत तिथे काय लिहायचं हा प्रश्न आहे. ग्रंथपालबाई म्हणतात शून्य, मी म्हणतो रिकामं. सध्या रिकामं आहे.