गंज चढवलेली वाळू सेलेनियम कसं धरते?

२०२५च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस झपाट्याने गळू लागले आणि ‘टक्कल व्हायरस’ नावाचं भूत राज्यभर फिरलं. सुरुवातीला संशय पाण्यावर होता. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. हे मूलद्रव्य शरीरात जास्त गेलं की केस गळतात. तेव्हापासून ‘सेलेनियमवाला फिल्टर’ मिळतो का, असं विचारलं जातं. गव्हाला फिल्टर लागत नाही, हे उघड आहे. पण पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात हे मूलद्रव्य जमिनीत आणि काही ठिकाणी भूजलातही आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं.

यावरचा मला फार आवडणारा उपाय म्हणजे लोहाचा लेप दिलेली वाळू. वाळू धुऊन फेरिक क्लोराइडच्या द्रावणात भिजवायची, कॉस्टिक सोडा घालायचा, ओव्हनमध्ये तापवून वाळवायची. दाण्यांवर तांबूस थर चढतो. थोडक्यात, मुद्दाम आणलेला गंज. पाण्यातलं सेलेनियम ऋणभारित आयनांच्या रूपात असतं आणि साध्या वाळूचा पृष्ठभागही ऋणभारितच, त्यामुळे ती त्याला दूर सारते. लोह ऑक्साइडवर मात्र हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. पाण्याचा सामू (pH) साधारण ८च्या खाली असला की ते गट प्रोटॉन उचलतात, पृष्ठभाग धनभारित होतो आणि आयन ओढले जातात.

खरी गंमत पुढे आहे. सेलेनियमची पाण्यात दोन रूपं असतात: सेलेनाइट आणि सेलेनेट. सेलेनाइट लोहावरचा हायड्रॉक्सिल हुसकावून स्वतः तिथे बसतो. सेलेनियम-ऑक्सिजन-लोह असा थेट बंध तयार होतो. सेलेनेट बहुतेक वेळा, मध्ये पाण्याचे रेणू ठेवून, केवळ विद्युतभाराच्या ओढीने टिकतो. म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा! सल्फेट आला की तो रुमाल उचलून फेकतो, आणि भूजलात सल्फेट सेलेनेटच्या कितीतरी पट असतो. सेलेनाइटलाही फॉस्फेटचा त्रास होतोच. क्ष-किरणांच्या शोषणावरून १९८७ साली गोएथाइट या लोहखनिजावर हा फरक दाखवला गेला; नंतरच्या प्रयोगांत, कमी सामूला सेलेनेटही थोडाफार थेट बांधला जातो असं दिसलं.

सामू वाढवला की पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि धरलेलं सेलेनियम सुटतं. म्हणून वापरलेली वाळू कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा कामाला लावता येते. (‘अल्कलाइन पाणी’ सर्व रोगांवर औषध म्हणून विकणाऱ्यांनी इथे जरा थांबावं: या फिल्टरला तेच पाणी सर्वांत अवघड.) त्या धुवणाचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

ऑक्सिजनयुक्त, अल्कधर्मी भूजलात प्राबल्य नेमकं सेलेनेटचं. तिथे नुसती लेपाची वाळू पुरत नाही. आधी धातुरूप लोहाने किंवा जिवाणूंकरवी सेलेनेटचं क्षपण करावं लागतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी करावा लागतो. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र बहुधा ‘एकूण सेलेनियम’ एवढंच छापून येतं. फिल्टर घेण्याआधी दोन्ही रूपं वेगवेगळी मोजून मागा.